‘मिस्त्री, तेवढा आवाज घालवा’

गॅरेज बंद करून आता बरीच वर्षं झाली, तरी हे वाक्य कानावर पडलं की माझं डोकं अजून फिरतं. आमच्या सोसायटीत कुणीतरी गाडी घेतो. वर्ष-दीड वर्षात तिची पुढची बाजू कुरकुरायला लागते. मग तो गृहस्थ मला जिन्यात गाठतो. "काका, तुम्ही या लाइनीतले ना? विशेष काही नाही हो, पुढून जरा घासल्यासारखं होतं. तेवढा आवाज घालवायला काय करू?"

तेवढा! पोटात कळा येतात म्हणून डॉक्टरकडे गेलेला माणूस "डॉक्टर, माझं कण्हणं तेवढं बंद करून द्या" असं म्हणतो का? गाडीच्या बाबतीत मात्र शहाणीसुरती माणसं बिनदिक्कत असं म्हणतात. डोंबिवलीचे एक गिऱ्हाईक होते, त्यांनी तर चाकाचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून गाडीत मोठा टेप बसवून घेतलेला. भजनं लावून ऑफिसला जायचे. बेरिंग पूर्ण जळून चाक जाम झालं तेव्हा भजन चालूच होतं म्हणे.

माझं गॅरेज शहाडला, पुलाच्या अलीकडे होतं. पत्र्याची शेड, पुढे मोकळं आवार आणि समोर एका कारखान्याची लांबलचक भिंत. इंजिनाचं काम मी घ्यायचो, पण नाव झालं ते पुढच्या बाजूसाठी. पुढची चाकं, त्यांचे सांधे, स्टिअरिंग, ब्रेक. ठाण्यापासून मुरबाडपर्यंतचे ड्रायव्हर म्हणायचे, "पुढून आवाज येतो ना? मग सदाकडे ने." याचा मला अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. ऐंशीच्या दशकात आमच्याकडच्या रस्त्यांवर पुढची बाजू टिकवणं ही काय चीज होती ते ज्यानं कल्याण-शीळ रस्त्यानं पावसाळ्यात गाडी हाणली असेल त्यालाच विचारा. रस्ता खात होता आणि आम्ही भरत होतो.

बाहेरच्या माणसाला वाटतं आवाज म्हणजे आवाज. तसं नसतं. बेरिंग गेलं की घुर्रऽऽ असा आवाज येतो, वेगाबरोबर वाढतो आणि गाडी वळवली की सूर बदलतो. ब्रेक दाबल्यावरच खर्रर्र होत असेल तर आतलं लायनर झिजून लोखंडावर लोखंड घासतंय. वळताना किंवा खड्ड्यात चाक गेल्यावर करकर करत असेल, आणि त्याबरोबर स्टिअरिंगला झटका बसत असेल, तर मात्र मी ती गाडी जागेवरच उभी करायला लावायचो. कारण तो सांध्याचा आवाज. चाक ज्याच्यावर वळतं आणि खालीवर होतं तो सांधा, ज्याला आम्ही बॉल जॉइंट म्हणतो. माणसाच्या खुब्यासारखा, वाटीत बसवलेला गोळा. वाटी झिजली की गोळा ढिला होतो. ढिला गोळा आधी करकरतो, मग झटके देतो, आणि एक दिवस वाटीतून निसटतो. त्या दिवशी चाक गाडीखाली आडवं होतं.

हे कळायला यंत्र लागायचं नाही. गाडी समोरच्या भिंतीला लागून हळू चालवायला सांगायची आणि काच खाली करून कान बाहेर काढायचा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि तो कुठल्या चाकाचा ते स्पष्ट कळतं. मग चाक जॅकवर उचलायचं, टायरखाली पहार घालून वर उचकायचं. सांधा धड असेल तर चाक हलत नाही. ढिला असेल तर टक् करून हाताला सांगतो. माझ्या सगळ्या विद्येचा गाभा एवढाच. पण तो टक् एकदा हाताला लागला की नंतर कुणी ब्रह्मदेव आला आणि "अहो, चालेल" म्हणाला तरी चालत नाही. यावरूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

कल्याणातल्या व्यापाऱ्यांचं एक सेवा मंडळ होतं. त्यांची एक रुग्णवाहिका होती, मेटॅडोर. त्या काळात कल्याणच्या पलीकडच्या खेड्यांतून पेशंट आणायला अशा गाड्या दोन-चारच. मेटॅडोरचं इंजिन पुढे आणि ताकदही पुढच्याच चाकांना. म्हणजे वजन, ओढणं, वळणं, थांबणं, सगळा भार पुढच्या बाजूवर. मंडळाचे सेक्रेटरी मधुकरराव. कापडाचं दुकान, स्वभावानं धडपड्या माणूस. त्यांची आई गाडी वेळेवर मिळाली नाही म्हणून घरातच गेली होती, आणि ती रुग्णवाहिका उभी राहिली ती त्यांच्या एकट्याच्या खटपटीनं. हे आधीच सांगतो, कारण पुढे त्यांच्याबद्दल मी बरं बोलणार नाही.

गाडीवर ड्रायव्हर बाळाराम भोईर. खाडीकाठच्या गावचा आगरी माणूस. वडील मिठागरावर राबलेले. हा लहानपणी डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून मानेनं जरा आखूड झालेला, पण मनगटं अशी की बंद पडलेली गाडी एकटा ढकलायचा. गाडीला तो "गारी" म्हणायचा आणि तिच्याशी बोलायचा.

गणपती नुकतेच गेले होते. एका सकाळी बाळाराम गाडी घेऊन आला तो तोंड पाडूनच.

"मिस्त्री, डाव्या अंगाला करकर करतंय. आन ब्रेक दाबला का स्टेरिंग हातानशी हिसका मारतंय. शेठना बोल्लो, तं बोलतान तुजीच चालवायची पद्धत धसमुसली हाय."

मी त्याच्या शेजारी बसलो. भिंतीच्या कडेनं एक फेरी मारली आणि दुसरी मारायची गरजच पडली नाही. चाक उचललं, पहार घातली. टक्. नुसता टक् नाही, चांगला ठण् आवाज. डाव्या बाजूचा खालचा सांधा पार संपला होता.

"बाळाराम, ही गाडी आता इथून हलायची नाही," मी म्हणालो. "मुंबईहून नवीन सांधा मागवतो. येईपर्यंत उभी राहू दे."

दुपारी मधुकरराव स्कूटरवरून आले. त्यांना मी चाक हलवून दाखवलं. त्यांनी पाहिलं. पाहिलं नाही असं त्यांना कधीच म्हणता येणार नाही.

"मिस्त्री, नवरात्र तोंडावर आलंय," ते म्हणाले. "ठाण्याला टेंभी नाक्याच्या देवीपुढे केवढी गर्दी असते तुम्हाला माहितीये. नऊ दिवस आपली गाडी तिथे सेवेला उभी राहणार आहे. मोठी मोठी माणसं येतात दर्शनाला. मंडळाचं नाव लागलेली गाडी त्यांच्या नजरेत येणार. मी शब्द देऊन बसलोय."

"सांधा मिळाला तर घटस्थापनेआधी देतो. नाही मिळाला तर नाही."

"आणि नाही मिळाला तर?"

"तर टोचन करून न्या. दुसऱ्या गाडीला बांधा आणि हळूहळू ओढत ठाण्याला उभी करा. नऊ दिवस उभीच राहायची आहे ना?"

मी हे अगदी सरळ मनानं म्हणालो होतो. पण मधुकररावांचा चेहरा लालबुंद झाला. "रुग्णवाहिका टोचन करून नेऊ? दोरी बांधून? ठाण्याच्या भर नाक्यावर? लोक हसतील!"

"लोक हसले तर चालेल मधुकरराव, रडले तर चालणार नाही."

ते तणतणत निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आला आणि गाडी घेऊन गेला. मी अडवणार कसा? गाडी माझी नव्हती. कल्याणातच पत्रीपुलाकडे एक गॅरेजवाला होता, त्याच्याकडे नेली. त्यानं काय केलं? सांध्याला ग्रीसचा पंप लावला आणि वाटी गच्च भरली. झालं. करकर बंद. कोरडं लोखंड बोलतं, तेलकट लोखंड बोलत नाही, एवढीच त्यातली किमया. वाटी झिजलेली ती झिजलेलीच, गोळा ढिला तो ढिलाच.

माझा राग मधुकररावांपेक्षा त्या गॅरेजवाल्यावर जास्त आहे, आणि तो मरेपर्यंत राहील. मधुकररावांना लोखंडातलं कळत नव्हतं. त्याला कळत होतं. त्याच्याही हाताला तो टक् लागला असणारच. गिऱ्हाइकाला हवं ते दिलं, असं तो नंतर म्हणाला. अरे, गिऱ्हाईक विषाची पुडी मागेल, आपण बांधून द्यायची का? आमच्या धंद्याला लोक चोर म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं. पण अशा माणसांमुळे म्हणतात हेही खरंच.

दोन दिवसांनी मधुकरराव मुद्दाम गॅरेजवर थांबले. "मिस्त्री, तुमचा एवढा मोठा आजार दुसऱ्यानं चहा पिता पिता बरा केला. ऐका, आवाज येतोय का?" त्यांच्या स्कूटरमागून बाळाराम गाडी घेऊन आला होता. खरंच, आवाज नव्हता.

बाळाराम मागे रेंगाळला. मधुकरराव गेल्यावर म्हणाला, "मिस्त्री, गारी गप झालीय. मना आता जास्त भ्या वाटतंय."

"मग चालवू नकोस. सरळ नाही म्हण."

"मी नाय बोल्लो तं दुसरा कोन तरी चालवील. त्याला तं ठावं पन नाय का सांधा ढिला हाय. मना ठावं तरी हाय."

त्याच संध्याकाळी मी सांध्यासाठी मुंबईला पुन्हा निरोप धाडला.

नवरात्र पार पडलं. गाडी टेंभी नाक्याला झेंडूच्या माळा घालून उभी राहिली, मधुकररावांचे मोठ्या माणसांबरोबर फोटो निघाले. दसरा झाला आणि गाडी पुन्हा कामाला लागली. मी मधुकररावांच्या दुकानात जाऊन पुन्हा एकदा सांगून आलो. "हो हो, दिवाळीनंतर बघू" असं म्हणून त्यांनी मला पेढा दिला. तो पेढा मी खाल्ला नाही, बाहेर येऊन गाईला घातला. इतका मी भडकलो होतो.

भातकापणीचे दिवस होते. दुपारी एक सायकलवाला धापा टाकत गॅरेजमध्ये शिरला. "मिस्त्री, ती मंडळाची गाडी पुढे खड्ड्यात गेलीय. चाक मोडलंय."

मी हातातलं टाकून धावलो. गॅरेजपासून थोड्याच अंतरावर रस्त्याच्या कडेला, बांधाला टेकून मेटॅडोर उभी होती. डावं चाक आत दुमडून गाडीखाली आडवं झालेलं. मागचं दार सताड उघडं. आत स्ट्रेचर रिकामं, त्याच्यावर चिखलाने भरलेली एक साडीची घडी, खाली बाईमाणसाची एकच चप्पल. ड्रायव्हर नाही, पेशंट नाही, कुणीच नाही.

तोवर गर्दी जमलेली. गर्दीला सगळं माहीत असतं. "पिऊन चालवत होता. पळाला बघा." "भोईर ना तो? मग काय, सकाळपासूनच घेतलेली असणार." मी विचारलं, "कुणी पाहिलं पिताना?" पाहिलं कुणीच नव्हतं. पण ड्रायव्हर, त्यातून आगरी, म्हणजे प्यालेला असणारच, हे सगळ्यांचं ठरलेलं होतं. एक गृहस्थ तर वास येतोय म्हणाले. वास येत होता तो ग्रीसचा आणि स्पिरिटच्या फुटलेल्या बाटलीचा.

पोलीस आले. त्यांनी पंचनामा केला आणि क्रेनवाल्याला सांगून गाडी माझ्याच आवारात आणून ठेवली. हवालदार मला म्हणाला, "मोटार वाहनाचे इन्स्पेक्टर येऊन बघेपर्यंत हात लावायचा नाही. तुमच्या जबाबदारीवर ठेवतोय." मी म्हणालो, "हात लावू देणार नाही."

उन्हं उतरायला लागली तेव्हा बाळाराम आला. शर्ट फाटलेला, कपाळावर कापूस चिकटवलेला. चौकीत जबाब देऊन, तासभर बाकावर बसून आला होता. मी त्याला पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं ते असं.

खडवलीहून कॉल आला होता. भात कापताना मंजुळा नावाच्या एका तरण्या बाईच्या पायाला घोणस चावली होती. तिला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन बाळाराम निघाला. पाय मांडीपर्यंत सुजलेला, बाई ग्लानीत. तरीही त्यानं गाडी पळवली नाही, कारण सांधा त्याच्या मनात होता. नवरा मागून ओरडत होता, "जोरात घ्या, जोरात घ्या!" शहाडच्या अलीकडे एका खड्ड्यात डावं चाक गेलं आणि स्टिअरिंग त्याच्या हातातून असं फिरलं की अंगठा मोडायचाच बाकी राहिला. गाडी डावीकडे ओढली गेली. समोर नाला. त्यानं अंगाचं सगळं वजन टाकून स्टिअरिंग उजवीकडे धरून ठेवलं आणि गाडी नाल्यात न जाता बांधाला घासत थांबली.

तिथे तो एक क्षणही थांबला नाही. समोरून विटांचा रिकामा ट्रक येत होता, त्याच्या आडवा उभा राहिला. मंजुळाला त्यानं आणि नवऱ्यानं हातांवर उचलून ट्रकच्या केबिनमध्ये घेतलं, आणि तो तिचा पाय खाली धरून कल्याणच्या दवाखान्यापर्यंत बसून गेला. इंजेक्शनं सुरू झाली, डॉक्टर म्हणाले अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, तेव्हा कुठे हा बाहेर आला. बाहेर येतो तर पोलीस त्याला शोधत होते. अपघात करून पळालेला ड्रायव्हर म्हणून!

"मिस्त्री, शेठ चौकीवर आले व्हते," तो म्हणाला. "मना वाटला इचारतील, बाई कशी हाय. तं सायबाला बोल्ले, ह्याला पिवाची सवय हाय, आमी ह्याला आजपासून काढला."

हा माणूस माळकरी होता. गळ्यात तुळशीची माळ. कुणी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधुकरराव आले. बरोबर मंडळाचे आणखी एक-दोन जण. गाडीभोवती एक चक्कर मारली. मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, तो सांधा मिळाला का हो मुंबईत?"

"मिळाला. परवा संध्याकाळीच हातात पडला."

"मग असं करा. आत्ता लगेच बसवून टाका. चाक जागेवर आणा. इन्स्पेक्टरसाहेब उद्या येणार आहेत. गाडी व्यवस्थित दिसली म्हणजे ड्रायव्हरच्या चुकीनं खड्ड्यात गेली एवढंच राहील. मंडळाच्या नावाला बट्टा नको. एवढी वर्षं सेवा करतोय आपण."

मला आधी कळलंच नाही ते काय मागतायत. कळलं तेव्हा कानशिलं तापली.

"म्हणजे बाळारामाला आत टाकायचा?"

"आत वगैरे काही नाही हो. लायसन जाईल फार तर. त्याला आपण दुसरं काही बघून देऊ. दुकानात ठेवीन मी त्याला. पण मंडळाची गाडी नादुरुस्त होती असं कागदावर आलं, तर उद्या कुणी वर्गणी देईल का? गाडी बंद पडेल. मग खडवलीच्या बाईला आणणार कोण? विचार करा."

ऐकायला किती बरोबर वाटतं नाही? म्हणूनच मला जास्त संताप आला. साधा लबाड माणूस परवडला. चांगल्या कामाच्या नावानं लबाडी करणाऱ्याशी भांडताना आपलीच जीभ अडखळते. माझी अडखळली नाही. मी आवारात उभा राहून अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल असा ओरडलो.

"मधुकरराव, तुम्हाला मी हे चाक हलवून दाखवलं होतं! या हातानं! तुम्ही पाहिलंत! गाडी ओरडून सांगत होती, तिच्या तोंडात ग्रीस कोंबलंत. आता माणूस सांगेल म्हणून त्याच्या तोंडात दारू ओतताय? आईच्या नावानं गाडी काढलीत ना? मग आईची तरी लाज धरा!"

शेवटचं वाक्य मी बोलायला नको होतं असं माझी बायको म्हणते. मला तसं वाटत नाही. मधुकरराव पांढरेफटक पडले, स्कूटरला किक मारली आणि गेले. मंडळातल्या व्यापाऱ्यांचे टेम्पो, मेटॅडोर, सगळं माझ्याकडे यायचं. त्या दिवसापासून बंद झालं. ते पुन्हा पूर्ण असं कधी आलंच नाही. त्या रात्री मी गाडीला साखळी घातली आणि किल्ली कनवटीला लावली.

इन्स्पेक्टर आले ते एक सडपातळ, चष्मा लावलेले, फारसं न बोलणारे गृहस्थ. मी त्यांना एक अक्षर सांगितलं नाही. ठरवलंच होतं, विचारतील तेवढंच बोलायचं. त्यांनी रुमाल अंथरला, त्यावर गुडघे टेकले आणि बॅटरी लावून चाकात डोकं घातलं. बराच वेळ. मग बोटानं वाटीतलं ग्रीस काढून चोळून पाहिलं.

"ग्रीस नवं आहे," ते स्वतःशीच म्हणाल्यासारखे म्हणाले. "वाटी मात्र झिजून कडेला पोचलीये. ही एका दिवसाची झीज नाही. महिने लागलेत. कुणी भरलं ग्रीस?"

मी सांगितलं. आधी कुणी तपासलं तेही सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. मग बाळारामाला बोलावलं. तो आवाराबाहेर उकिडवा बसला होता.

"चाक गेल्यावर ब्रेक मारलास?"

"नाय सायब. ब्रेक मारला असता तं गारी उलटली असती. मागं पेशंट व्हती. निसता स्टेरिंग धरून ठेवला."

साहेबांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. त्याच्या सुजलेल्या अंगठ्याकडेही पाहिलं. "बरोबर केलंस," ते म्हणाले. एवढंच. पण बाळाराम तिथेच मटकन बसला आणि हमसून रडला. त्या दोन दिवसांत त्याला बरोबर केलंस म्हणणारा तो पहिलाच माणूस.

तो सुटला. मंडळाला गाडीच्या देखभालीबद्दल चांगलीच समज मिळाली. पण तुम्हाला वाटेल मधुकररावांनी माफी मागितली असेल, तर नाही. पत्रीपुलाच्या गॅरेजवाल्याचं काही वाकडं झालं असेल, तर तेही नाही. त्यानं पुढे दोन मजली गॅरेज बांधलं. ज्या लोकांनी रस्त्यावर उभं राहून दारूचा वास घेतला होता, त्यांच्यापैकी एकानंही येऊन "अरे, आमचं चुकलं" म्हटलं नाही. मंजुळा मात्र बरी झाली, आणि तिच्या नवऱ्यानं बाळारामाच्या घरी नव्या भाताची गोणी आणून टाकली. न्याय झाला असेल तर तो तेवढाच.

सांधा मीच बसवला. दुसऱ्या कुणाला मी हात लावू दिला नसता. गाडी तयार झाली, पण ड्रायव्हर मिळेना. जो यायचा तो चार दिवसांत पळायचा. रात्री-अपरात्री उठून आडरानात जायचं काम कुणाला हवं? शेवटी मंडळातले दोन जुने सभासद बाळारामाच्या घरी गेले. बाळाराम म्हणाला, येतो, पण एक अट. गारी चालवायची का उभी करायची ते मी ठरवणार. मधे कुणी बोलायचं नाही. सेक्रेटरीनं पन नाय. त्यांनी कबूल केलं.

गाडीला नवा रंग दिला आणि पुन्हा एकदा लोकार्पण करायचं ठरलं. मंडळांना लोकार्पणाशिवाय चैन पडत नाही. मधुकररावांच्या दुकानासमोर छोटा मांडव, सनई, कुणी एक पाहुणे. मलाही बोलावणं होतं, बहुतेक बाळारामामुळे. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून मागे उभा होतो. मधुकरराव पुढे होते, माझ्याकडे पाहत नव्हते. पाहुण्यांनी नारळ फोडला, गाडीला हार घातला. टाळ्या वाजल्या. बाळारामानं किल्ली फिरवली आणि गाडी निघाली.

मांडवाच्या टोकापर्यंतसुद्धा गेली नाही. थांबली. इंजिन बंद झालं. बाळाराम खाली उतरला.

"आवाज येतंय," तो म्हणाला.

सनईवाले थांबले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मधुकरराव दोन पावलं पुढे आले, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. बाळारामानं गर्दीत मला शोधलं. मी काय करणार? तो इस्त्रीचा शर्ट अंगात, तसाच गाडीखाली शिरलो. डाव्या चाकाच्या आत, ड्रम आणि पत्र्याच्या मधे, खडीचा एक तुकडा अडकला होता. बोराएवढा. मी तो काढला आणि बाहेर येऊन तळहातावर दाखवला.

गर्दीत हशा पिकला. पाहुणेही हसले. कुणीतरी म्हणालं, "एवढ्याशा खड्यासाठी अख्खा कार्यक्रम थांबवला होय रे बाळाराम?"

बाळाराम हसला नाही. त्यानं माझ्या हातावरचा खडा उचलून नीट पाहिला, रस्त्याच्या कडेला टाकला आणि गाडीत चढता चढता म्हणाला,

"दगर हाय ह्यो, ह्ये थांबल्यावरच कललां ना?"